फ्लाय फिशिंग: पिसं, दोरी आणि शिकवणारी माणसं

रॅरिटनकाठ (धागाकर्ता)

मंडळी, इथे मासेमारीचे धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक कोकणातले, खाडीचे, नाहीतर गळाला कोळंबी लावून जेटीवर बसण्याचे. फ्लाय फिशिंगवर काहीच सापडलं नाही. न्यू जर्सीत राहायला आल्यावर हा छंद लागला आणि आता तो सुटणं शक्य नाही. त्यावर मराठीत मनसोक्त बोलावं अशी फार इच्छा होती, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फ्लाय म्हणजे छोट्या हुकावर दोऱ्याने पिसं, हरणाचे केस, लोकर बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन असं नसतंच. साध्या गळाला शिसं असतं आणि ते फेकलं की दोरी त्यामागे जाते. इथे फेकायची ती दोरीच. दोरीच्या वजनाला ठरलेले क्रमांक आहेत. ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ही दोरी हवेत मागे उलगडायची, पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग रॉड वेग वाढवत पुढे आणायचा आणि एकदम थांबवायचा. रॉड थांबला की दोरीचा वळसा पुढे धावत जातो आणि फ्लाय पाण्यावर अलगद टेकतो. दणकट माणसं इथे हमखास अडतात, कारण त्यांचा हात थांबत नाही.

दुकानात जा, मासिकं चाळा, सगळीकडे रॉड आणि रीलचीच चर्चा. माझं ठाम मत आहे की हा छंद आज जसा आहे तसा घडवला तो शिकवणाऱ्यांनी. आणि त्यात पहिलं नाव मी जोन वुल्फ यांचं घेईन.

जोन यांचा जन्म १९२६ चा, पॅटरसन, न्यू जर्सी इथला. आपल्यातले कितीतरी जण पाहुणे आले की त्यांना पसैक नदीचा धबधबा दाखवायला नेतात, तेच पॅटरसन. वडिलांचं शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. ते कास्टिंग (दोरी फेकणं) शिकवायचे ते भावाला. दहा वर्षांच्या जोनने एकदा वडील घरी नसताना त्यांचा रॉड घेतला आणि तळ्यावर जाऊन कास्ट करायला लागली, तर रॉडचा पुढचा भाग निसटून थेट पाण्यात. शेजाऱ्यांनी दाताळं आणून तो तळातून ओढून काढला. वडील रागावतील म्हणून मुलगी धास्तावली होती. त्यांनी उलट तिला शिकवायला सुरुवात केली.

पुढे १९४३ ते १९६० या काळात त्यांनी कास्टिंगची १७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९५१ साली लांब पल्ल्याच्या एका स्पर्धेत समोर सगळे पुरुष असताना त्या पहिल्या आल्या. १९६० मध्ये त्यांनी १६१ फूट दोरी टाकली. त्या नृत्यही शिकवायच्या, आणि शरीराची हालचाल तुकड्यातुकड्यांत कशी सांगायची हे त्यांना तिथूनच कळलं असणार असं मला वाटतं. त्यांच्याआधी कास्टिंग शिकवायचं म्हणजे 'असं बघ आणि असं कर' एवढंच बहुतेक चालायचं. रॉडवर भार कधी येतो, मनगट कुठल्या क्षणी वळतं, अंगठा कुठे टेकतो, या प्रत्येक गोष्टीला जोन यांनी नाव दिलं. १९७९ मध्ये त्यांनी आणि पती ली वुल्फ यांनी न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिल डोंगरात, बीव्हरकिल नदीकाठच्या लू बीच गावी शाळा काढली. ली स्वतः मोठे. खिसेवाला फिशिंग व्हेस्ट त्यांनी १९३१ मध्ये स्वतः शिवला होता, आणि पकडलेला मासा सोडून द्यावा हा आग्रह त्यांनी १९३० च्या दशकातच धरला होता, जेव्हा मासे दोरीत ओवून फोटो काढायची पद्धत होती. १९९१ साली विमान अपघातात ते गेले. जोन यांनी शाळा चालूच ठेवली.

दुसरी गोष्ट संस्थांची. १९५९ मध्ये मिशिगनच्या ऑ सेबल नदीकाठी, जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी काही जण जमले आणि 'ट्राउट अनलिमिटेड' सुरू झाली (ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा). त्यांचं म्हणणं साधं होतं: हॅचरीतले (बीजकेंद्रातले) मासे दरवर्षी नदीत ओतत बसू नका, नदी दुरुस्त करा, मासे आपोआप टिकतील. आज नदीकाठी झाडं लावणं, जुने निरुपयोगी बांध काढणं, रस्त्याखालचे अडलेले पाइप बदलणं अशी कामं त्यांचे स्थानिक गट करतात. मी आमच्या भागातल्या गटासोबत झाडं लावायला जातो आणि मला जे काही येतं ते त्यातल्या निवृत्त लोकांकडून शिकलोय. एक पैसा कोणी घेतला नाही.

तुमच्यापैकी कोणी हे करतं का? प्रश्न, शंका, आक्षेप, सगळ्याचं स्वागत.

खाडीवाला

मस्त धागा. आम्ही मालवणकडचे, लहानपणापासून गरवूक (गळाने मासे पकडायला) जाणारे. हवेत दोरी उलगडायची हे वाचून पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकणं आठवलं. तिथेही जोर लावला की पाग गोळा होऊन पडतो आणि सावकाश वळून सोडला तर गोल उघडतो.

एक शंका. खोट्या किड्याला मासा फसतो कसा? वास नाही, चव नाही. आमच्याकडे तर आमिष जरा शिळं असलं तरी मासा तोंड लावत नाही.

रॅरिटनकाठ

@खाडीवाला, ट्राउट वाहत्या पाण्यात एका जागी तोंड प्रवाहाकडे करून राहतो आणि वाहत येईल ते डोळ्यांनी ओळखून उचलतो. विचार करायला त्याला क्षणभरच मिळतो. त्यामुळे आकार, रंगछटा आणि मुख्य म्हणजे वाहण्याची चाल जमली पाहिजे. दोरीने फ्लायला जरासं जरी ओढलं तरी तो नैसर्गिक वाहत नाही आणि मासा तोंड फिरवतो. आमच्याकडे एप्रिलअखेर हेन्ड्रिक्सन नावाचे किडे नदीतून वर येतात. दुपारी पाण्यावर त्यांचे राखाडी पंख उभे दिसायला लागले की त्याच मापाचा, त्याच रंगाचा फ्लाय लागतो. जवळच दुसऱ्या मापाचा टाकला तर बाजूने जाऊ देतात. त्यामुळे हा छंद करणारा माणूस हळूहळू किड्यांचा अभ्यासक होतो. दगड उचलून खाली काय चिकटलंय ते बघणं, हा माझ्या दिवसाचा आवडता भाग.

डोंगरवाट

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. मी डेन्व्हरला असते. तुम्ही शिकवणाऱ्यांबद्दल लिहिलंत म्हणून राहवलं नाही.

मला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि हाताला सूज यायची भीती कायम. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम मी करायचे, पण मनापासून नाही. मग आमच्या सपोर्ट ग्रुपमधल्या एकीने 'कास्टिंग फॉर रिकव्हरी'चा अर्ज भरायला लावला.

ही संस्था १९९६ साली व्हरमाँटमधल्या मँचेस्टर गावात सुरू झाली. डॉ. बेनिटा वॉल्टन या स्तनाच्या पुनर्रचनेच्या सर्जन आणि ग्वेन पर्किन्स या फ्लाय फिशिंगच्या व्यावसायिक, दोघींनी मिळून. कास्टिंगची सावकाश, लयीतली हालचाल शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांशी खूप मिळतीजुळती आहे हे त्यांच्या लक्षात आलं. अडीच दिवसांचं निवासी शिबिर असतं, एका वेळी साधारण १४ जणी, खर्च शून्य. कुठल्याही वयाची, उपचारांच्या कुठल्याही टप्प्यावरची बाई अर्ज करू शकते. निवड सोडतीने होते.

पहिल्या दिवशी गवतावर कास्टिंग. माझी शिक्षिका सत्तरीची असेल. तिने रॉड हातात दिला आणि कोपराला दोन बोटं टेकवून म्हणाली, हात वर न्यायची घाई नको, दोरी काय करतेय ते मागे वळून बघ. मी मागे बघायला लागले आणि हाताकडचं लक्षच गेलं. अर्ध्या तासाने तिने दाखवलं की माझं कोपर खांद्याच्या रेषेत आलंय. तीन महिने जे होत नव्हतं ते मला कळायच्या आत झालं होतं.

संध्याकाळी सगळ्या गोल बसायच्या. समुपदेशक आणि नर्स असायच्या. मी घरी कोणाशी बोलले नव्हते ते तिथे बोलले. आपल्याकडे अजून बायका 'छातीचा आजार' म्हणून बाजूला सारतात, आईलाही सांगत नाहीत. त्या खोलीत कोणी काही झाकत नव्हतं.

शेवटच्या दिवशी नदी. प्रत्येकीबरोबर एक स्वयंसेवक पाण्यात उभा असतो. मला एक रेनबो ट्राउट मिळाला, हातभरही नसेल. हात ओले करून त्याला पाण्यातच धरला. गालावरचा तो गुलाबी पट्टा, आणि तळहाताला जाणवणारा त्याचा जोर. मग सोडला.

आता मी त्याच शिबिरांत मदतीला जाते. अमेरिकेत राहणाऱ्या, या आजारातून गेलेल्या किंवा जात असलेल्या मराठी मैत्रिणींनो, अर्ज जरूर करा. मासेमारी येत नसली तरी चालतं, बहुतेक कोणालाच येत नसते. शाकाहारी असाल तर तिथे तशी सोय होते. पुरुषांसाठी 'रील रिकव्हरी' नावाची अशीच संस्था आहे.

रॅरिटनकाठ

@डोंगरवाट, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर असायला हवा.

याच जातीचं दुसरं काम म्हणजे 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स'. नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन एड निकल्सन वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात स्वतः उपचार घेत होते. तिथे इराक-अफगाणिस्तानातून हात-पाय गमावून आलेली तरुण मुलं बघितली आणि २००५ मध्ये त्यांना रुग्णालयाच्या हिरवळीवर कास्टिंग शिकवायला सुरुवात केली. फ्लाय बांधणं, रॉड बनवणंही शिकवतात. एका हाताने फ्लाय बांधता यावा म्हणून तशी साधनं तयार झाली. आज देशभर माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या आसपास त्यांचे वर्ग चालतात.

एडिनबरोकर

फ्लाय बांधणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी मासे फार पकडत नाही. हिवाळ्यात इथे चार वाजता अंधार पडतो, तेव्हा टेबलावर वाइस (हुक धरून ठेवणारा शिकंजा) लावून बसतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा गावाजवळ मेगन बॉइड नावाच्या बाई राहायच्या (१९१५-२००१). लहानपणी एका गेमकीपरने (शिकारीच्या रानाच्या राखणदाराने) त्यांना शिकवलं: जुना फ्लाय घ्यायचा, सोडवायचा, आणि तीच पिसं त्याहून लहान हुकावर पुन्हा बांधायची. आयुष्यभर त्या एका टिनच्या छपराच्या शेडमध्ये खिडकीशी बसून सामन माशाचे फ्लाय बांधत राहिल्या. घरात कित्येक वर्षं वीज नव्हती. गिऱ्हाइकांत राजपुत्र चार्ल्सही होते. १९७१ मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं, तर कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या राजवाड्यात गेल्या नाहीत. मग चार्ल्स यांनी नंतर ते स्वतः त्यांना दिलं. आणि मासे मारणं त्यांना आवडत नव्हतं.

अमेरिकेत अशीच परंपरा कॅट्सकिलमध्ये आहे. रॉस्को-लिव्हिंग्स्टन मॅनर भागात डेट आणि डार्बी ही दोन जोडपी. वॉल्ट आणि विनी डेट, हॅरी आणि एल्सी डार्बी. नवराबायको दोघंही समोरासमोर बसून फ्लाय बांधायचे आणि रस्त्याकडेच्या घरातून विकायचे. डेट यांच्या मुलीने, मेरीने, तेच दुकान पुढे चालवलं. तिच्या हातचा फ्लाय बघितला तर शेपटीपासून डोक्यापर्यंत एकही वेढा जास्तीचा नसतो.

आता पिसांबद्दल, कारण ही बाजू आपल्या सह्याद्रीपर्यंत येते. व्हिक्टोरियन काळात सामनच्या फ्लायला जगभरची पिसं लागायची. 'जॉक स्कॉट' हा प्रसिद्ध फ्लाय घ्या: टूकन, सोनेरी फेजंट, आणि दोन्ही बाजूंना रानकोंबड्याच्या मानेची पिसं. हा रानकोंबडा म्हणजे आपला राखाडी रानकोंबडा. पहाटे कोयनेच्या किंवा आंबोलीच्या जंगलात जो ओरडतो तोच. त्याच्या मानेच्या पिसाच्या टोकाला मेणासारखा चकचकीत पिवळट ठिपका असतो, तो फ्लायवर डोळ्यासारखा दिसतो. त्या एका ठिपक्यासाठी किती कोंबडे मारले गेले असतील! भारतात आता तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. इथे ब्रिटनमध्ये काही लोक हे पक्षी पाळून पिसं विकतात. गावाकडून कोणी 'चार पिसं आणू का' असं विचारलं तर कृपया नको म्हणा. मी प्लॅस्टिकचे नकली ठिपके वापरतो आणि माशाला काही फरक पडत नाही.

जुन्या कृतीत लिहिलंय तेच पीस हवं हा हट्ट किती टोकाला जातो याचं उदाहरण म्हणजे २००९ ची चोरी. लंडनमध्ये शिकणाऱ्या, फ्लाय बांधण्यात निष्णात असलेल्या एका विशीतल्या तरुणाने ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून २९९ पक्ष्यांची कातडी पळवली. त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले पक्षी होते. कित्येकांच्या पायांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, आणि चिठ्ठी गेली की तो पक्षी शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. हे वाचलं तेव्हापासून मी दुर्मिळ पिसांच्या लिलावांकडे फिरकत नाही.

साध्या ट्राउट फ्लायला मात्र पाळीव कोंबड्याची पिसं लागतात, आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले कोंबडे असतात. २०११ मध्ये अमेरिकेत केसांत पिसं लावायची फॅशन आली आणि सलूनवाल्यांनी फ्लायच्या दुकानांतला सगळा माल उचलला. इथेसुद्धा भाव चढले होते.

निर्मळ

धागा पूर्ण वाचला. डोंगरवाट ताईंचा अनुभव वाचून डोळ्यात पाणी आलं. तरी एक बोलतो, राग मानू नका. आमच्या घरी माळ आहे, मासे-मटण नाही. पण खाण्यासाठी मासा पकडणारा कोळी मला समजतो. हौसेसाठी मुक्या जिवाच्या तोंडात हुक अडकवायचा आणि मग सोडून दिला म्हणून समाधान मानायचं, हे मला पटत नाही. सोडलेला मासा जगतो याची खात्री काय? आणि जगला तरी त्याला वेदना झाल्याच ना?

नदीनाले

@निर्मळ, तुमचा प्रश्न टाळता येणार नाही असाच आहे. मी गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करते, त्यामुळे जेवढं ठामपणे सांगता येईल तेवढं सांगते.

सोडलेले सगळे मासे जगत नाहीत. किती जगतात हे पकडणाऱ्याच्या हातात बरंचसं असतं. हुकाचा काटा पक्कडने दाबून सपाट केलेला हवा. मासा लवकर जवळ आणायचा, दमवायचा नाही. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मग बुरशी धरते. हवेत दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचं तापमान. गरम पाण्यात प्राणवायू कमी. ट्राउटसाठी २० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की रॉड गुंडाळून घरी जावं. मोंटाना राज्यात पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास २३ अंशांना पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत त्या नदीत मासेमारी बंद करतात.

वेदनेचा प्रश्न मी सोडवू शकत नाही. तुमचा नकार मला योग्यच वाटतो.

पण आपल्याकडची एक गोष्ट सांगते. कावेरीवर गालिबोरे, भीमेश्वरीसारखे महासीरचे (आपल्या नद्यांतला एक मोठा मासा) अँगलिंग कॅम्प, म्हणजे गळाने मासे पकडायचे तळ होते. स्थानिक लोक, त्यातले काही आधी सुरुंग लावून मासे मारणारे, तिथे गाइड म्हणून काम करायचे. पकडलेला प्रत्येक मासा मोजून, नोंदवून सोडायचे. २०१२ च्या सुमारास संरक्षित क्षेत्रातले हे कॅम्प बंद झाले. पुढे संशोधकांनी गालिबोरेच्या त्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा कळलं की कावेरीचा मूळचा कुबडा महासीर झपाट्याने कमी होत गेला होता आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महासीर वाढला होता. बाकी कोणाकडेही ही माहिती नव्हती. २०१८ मध्ये त्या कुबड्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

निळ्या परांचा महासीर आपल्या कृष्णा खोऱ्यातला. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या बीजकेंद्रात त्याची पैदास १९७० च्या दशकापासून होते. हेतू चांगला होता, आपल्या नद्यांना त्याचा उपयोगही झाला, पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत गेला की काय होतं ते कावेरीने दाखवलं.

आणि तुम्हाला आवडेल अशी जागा: महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड. देवीचा डोह, म्हणून तिथल्या महासीरांना कोणी हात लावत नाही. भाविक कुरमुरे टाकतात आणि हातहात लांब मासे वर येतात. तिथे गळाची गरजच नाही.

निर्मळ

सविस्तर उत्तराबद्दल धन्यवाद. मत बदललं नाही, पण नोंदवह्यांचं माहीत नव्हतं. वाळणकोंडाला घरच्यांना घेऊन जाईन.

चांदेकर

रॉडबद्दल माझी भर. मी मूळचा चंद्रपूरचा, बांबूत वाढलेला. जुने उंची फ्लाय रॉड बांबूचे असतात हे कळलं तेव्हा अभिमान वाटला, आणि पहिल्या पिढीतला बांबू भारतातून जायचा हे कळल्यावर आणखी. 'कलकत्ता केन' म्हणायचे, म्हणजे आपला भरीव मानवेल. अमेरिकेत मेन राज्यात हायरम लेनर्ड यांनी १८७० च्या दशकात बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षटकोनी रॉड करायचं काम नावारूपाला आणलं. प्रत्येक पट्टीचा कोन ६० अंश, आणि टोकाकडे निमुळती करत जाताना जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळायची. आजही हे हाताने रंधा मारून करणारे लोक आहेत. एका रॉडला आठवडे जातात.

पुढे चीनच्या ग्वांगडाँगमधला टोंकिन बांबू आला. त्याचे तंतू जास्त दाट, पेरं लांब; मानवेल मागे पडला. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि बांबू मिळेना. त्याच सुमाराला फायबरग्लास स्वस्त झालं होतं, त्याने बाजार घेतला. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचा रॉड आणला आणि तेव्हापासून तोच चालतो. मी स्वतः ग्रॅफाइटनेच मासेमारी करतो, पण एका म्हाताऱ्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये बांबूच्या पट्ट्या सुटताना बघितल्या, आणि गावच्या बुरडांचा हात डोळ्यासमोर आला. एका घावात सरळ चीर, तशीच.

नवी_पालवी

मी टेक्सासहून जर्सीला आलेय. सुरुवात करायची आहे पण दुकानात गेले तर हजार डॉलरचा रॉड दाखवला. नेमकं काय घेऊ? आणि खरं सांगते, नदीवर सगळे गोरे पुरुष बघून जरा परकं वाटतं.

रॅरिटनकाठ

@नवी_पालवी, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. परकं वाटणं खरं आहे आणि ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. न्यूयॉर्कच्या क्लबांत बायकांना प्रवेश नव्हता म्हणून १९३२ मध्ये बायकांनी स्वतःचा 'वुमन फ्लायफिशर्स क्लब' काढला. आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांसाठी 'ब्राउन फोक्स फिशिंग' नावाचा गट आहे. पहिले काही वेळा कोणाबरोबर तरी जा. मला व्यनि करा, आमच्या गटात तीन-चार जणी नियमित येतात.

आता सामान. पैसे रॉडवर घालवू नका. ९ फुटी, ५ नंबरचा साधा रॉड पुरतो. रील ट्राउटसाठी फक्त दोरी गुंडाळायला असतं, सगळ्यात स्वस्त घ्या. पैसे घाला ते चांगल्या तरंगत्या दोरीवर, कारण फेकायचं असतं ते तीच, आणि पायात पकड धरणाऱ्या बुटांवर. ओले दगड कोणालाच सोडत नाहीत. वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) घातले तर कंबरेचा पट्टा घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नका. पडलात तर पाणी आत भरू न देणारा तोच. पोलराइज्ड गॉगल हवाच: मासा दिसतो आणि हुकापासून डोळे वाचतात.

दोरीपुढे ९ फुटांचा निमुळता लीडर (दोरी आणि फ्लाय यांमधला बारीक धागा), टोकाला ५एक्स. हा आकडा समजून घ्या: ११ मधून ५ वजा केले की ६, म्हणजे जाडी इंचाच्या हजार भागांपैकी सहा, साधारण ०.१५ मिलिमीटर. एक्सचा आकडा वाढला की धागा बारीक.

बुटांच्या तळाला फेल्ट (नमद्यासारखा दाबलेल्या तंतूंचा थर) असेल तर विचार करा. ते ओलं राहतं आणि एका नदीतलं शेवाळ, रोगजंतू दुसरीकडे नेतं. न्यूझीलंडने २००८ मध्ये आणि मेरीलँडने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. रबरी तळ घ्या, आणि नदी बदलताना सगळं धुऊन पूर्ण वाळवा.

या सगळ्याआधी एक धडा घ्या. ऑर्विस या फ्लाय फिशिंगच्या सामानाच्या कंपनीच्या दुकानांत प्राथमिक वर्ग फुकट असतात, ट्राउट अनलिमिटेडचे गटही शिकवतात. आठवडाभर गवतावर दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. मग केन लॉकवूड गॉर्जला जाऊ. रॅरिटनच्या दक्षिण शाखेवर आहे, तिथे ट्राउट वर्षभर असतो आणि बसायला सुंदर मोठे खडक आहेत. लायसनबरोबर ट्राउटचा स्टॅम्प वेगळा घ्यावा लागतो, तो विसरू नका.

डोंगरवाट

@नवी_पालवी, पहिला रॉड उधार घ्या. क्लबांकडे असतात. हाताला काय रुचतं ते कळल्यावर विकत घ्या.

खाडीवाला

माझ्या बहिणीचा मुलगा एडिसनला पाचवीत आहे. त्याला हे शिकवता येईल का? की मोठ्यांचंच?

रॅरिटनकाठ

दहा वर्षं म्हणजे अगदी योग्य वय, आणि १६ च्या आत न्यू जर्सीत लायसन लागत नाही. त्याच्या शाळेत 'ट्राउट इन द क्लासरूम' चालतं का ते विचारा. वर्गात थंड पाण्याची टाकी लावतात, ट्राउटची अंडी येतात, मुलं रोज तापमान आणि पाण्याची शुद्धता तपासून वहीत लिहितात, आणि वसंतात पिल्लं नदीत सोडायला सगळा वर्ग जातो. माझ्या मुलीच्या वर्गात होतं. टाकीचा कूलर एका शनिवारी बंद पडला तर मुलांनीच पालकांना फोन करून घरोघरचा बर्फ जमा केला होता. चालू नसेल तर विज्ञानाच्या शिक्षकांशी बोला. पण अंडी शरदात येतात, तेव्हा टाकी आणि कूलरची सोय उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ठरवायला हवी.